पांढऱ्या नमद्याचं प्रसूतिगृह

कान्यशायचं पत्र सत्तारकुलच्या मेजावर चार महिने पडून होतं. "माझी मुलगी रडली होती. कागदावर गर्भपात लिहिलंय. तुम्ही आयुष्यभर जन्ममृत्यूंचा अभ्यास केलात. ती जन्मली होती की नाही, तुम्ही सांगा." आपण निवृत्त संशोधक, आपण कोण सांगणारे, या भिडेपोटी म्हाताऱ्याने उत्तर लिहिलंच नव्हतं.

शेवटी न राहवून तो, ती बाळंत झाली होती त्या प्रसूतिगृहात आला, तेव्हा अंगणात ही गर्दी. मोल्दोकुल ताबीब, म्हणजे गावचा वैदू, दाबलेल्या लोकरीचा पांढरा नमदा डोक्यावर नाचवत होता. या नमद्यात म्हणे मृत्यूचे पाय अडकतात. म्हणूनच वर्षभरात इथे एकही बाळ दगावलं नव्हतं. बायका नमद्याला ओठ लावत होत्या. राजधानीहून आलेले उपमंत्री टाळ्या वाजवत होते. प्रत्येक प्रसूतिगृहात नमदा टांगावा आणि बाळांसाठीच्या खर्चिक उबदार खोल्या बंद कराव्यात, अशा आदेशावर ते आज सही करणार होते. इथली खोली तर वर्षापूर्वीच बंद झाली होती. नमदा तिथेच टांगलेला असे.

अपुऱ्या दिवसांची बाळं उबेत, आईच्या छातीशी ठेवली तर जगतात, हे सत्तारकुलने वीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. पण अहवाल इतका बोजड लिहिला, की मंत्रालयात तो कुणी उघडलाच नसावा.

बुरुल्चा सुईणीने त्याची बाही ओढली. "अक्सकाल," वडीलधाऱ्याला म्हणावं तसं ती म्हणाली, "टाळ्या वाजवून झाल्या असतील तर वह्या बघा."

मृत्यूंच्या वहीत शून्य. गर्भपातांच्या वहीत आदल्या वर्षी तीन, यंदा एकोणीस. कान्यशायच्या नावापुढे मुख्य डॉक्टरांच्या शाईतल्या 'गर्भपात' या शब्दाशेजारी बुरुल्चाची पेन्सिल: '९४० ग्रॅम. रडली. सहा तास.'

सत्तारकुल वही घेऊन मंचावर चढला. "एक श्वास घेतला तरी बाळ जन्मलं, असा आपला कायदा आहे. इथे किलोच्या आतलं बाळ मेलं, की ते जन्मलंच नाही असं लिहितात. मग मृत्यू शून्यच राहणार."

"देवाच्या कामात वजनकाटा घालतोस, म्हाताऱ्या?" ताबीब गुरगुरला.

"काटा मी लावला, ताबीब," बुरुल्चा म्हणाली. "बाळं उचललीही मीच. तुम्ही तेव्हा जेवत होता."

मुख्य डॉक्टर हळूच पुटपुटले, की हे घरातलं घरात बोलू. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. "फेब्रुवारीचं पान कुठलं?" तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. उपमंत्र्यांनी पेन खिशात ठेवलं आणि चौकशी होईपर्यंत आदेश थांबवला.

सत्तारकुलने टपाल कचेरीच्या बाकावर बसून उत्तर लिहिलं:

"कान्यशाय, तुझी मुलगी जन्मली होती. सहा तास जगली. खोली उबदार असती तर कदाचित वाचली असती. सोबत वहीची नक्कल आहे. जन्मदाखला माग, मी साक्षीला येईन. यापुढे कुणी चमत्कार सांगितला, तर मोजलं कुणी आणि कुणाला मोजलंच नाही, एवढं विचार. माझा उशीर माफ होण्यासारखा नाही."

पुन्हा वाचलं तर धीर सुटेल, म्हणून त्याने लगेच पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.