मधली कॅप

दोघांच्या मध्ये इंजिन उलटे ठेवलेले होते आणि आधी बोलायचे कोणी, हे ठरत नव्हते. मूल गावच्या राइस मिलमधून उडालेला कोंडा दुपारच्या उन्हात तरंगत गॅरेजात येत होता. तो ब्लॉकच्या कडांवर, गुणवंतरावांच्या भुवयांवर, गुलाबच्या डाव्या खांद्यावर अलगद उतरे, जणू ऊनच भुगा होऊन पडत असावे. गुलाबचा तो खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली कललेला होता. जवळजवळ वर्षाने गुलाब इथे आला होता.

गेल्या माघात आरमोरीजवळ वैनगंगेच्या वाळूत जीपांची शर्यत झाली. इंजिन गुणवंतरावांनी बांधलेले, चालवणारा गुलाब. शेवटच्या वळणावर इंजिनाच्या पोटातली मधली कॅप तुटली आणि जीप उलटली. कॅपा म्हणजे क्रँकशाफ्टला ब्लॉकशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी कमानी. या इंजिनाला तीनच असतात. आता त्या तिघींना एकत्र बांधणारा पट्टा बसवायचा, हे गुणवंतरावांनी पक्के केले होते. कोणता पट्टा, हे मात्र गुलाब आल्याशिवाय ठरवायचे नव्हते. तो चालवणार नसेल, तर ठरवण्याजोगे काही उरतच नव्हते.

अखेर गुलाबने बाकावरच्या दोन पट्ट्यांकडे पाहिले.

"दोन दोन मांडले भाऊ. बैल विकाले काढले का? दात दाखवा मंग."

"दातच दाखवतो." गुणवंतरावांना हसू आले, आणि हसू आल्याचे बरेही वाटले. त्यांनी पातळ पट्टा उचलला. "हा हलका. तीनही कॅपा एकमेकीले बांधते, बस. पन हालल्या त तिघी सोबतच हालतीन."

"फुगडीवानी."

"फुगडीवानीच. अन् हा जाड. हा कॅपा त बांधतेच, वरून ब्लॉकच्या दोन्ही काठांले बी धरते. याच्यापायी खालचं तेलाचं चेंबर बोटभर खाली घ्या लागते. जीप जड होते. सुटताना तू मांग राहाशीन."

"मांग राहून जिकाचं कसं?"

"जित्तं राहून."

गुलाबने मान खाली घातली. मधल्या कॅपच्या जागेतल्या रिकाम्या अर्धवर्तुळात त्याने बोट फिरवले. धातू थंड होता, आतून गुळगुळीत, पाण्याने वर्षानुवर्षे घासलेल्या दगडासारखा. आणि त्या स्पर्शातून ते वळण पुन्हा उगवले: नदी वर गेलेली, आकाश खाली, मधल्या पोकळीत वाळूचे कण संथपणे फिरत असलेले, आणि कुठेही आवाज नाही. त्या क्षणी त्याला भीती वाटली नव्हती. भीती नंतर आली. रोज थोडी थोडी, या कोंड्यासारखी.

"जाड लावू," गुणवंतराव म्हणाले. "अन् आवळाचं तुह्याच हातानं. रीत हाये आपली."

रीत शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची होती. जुवाची शेवटची गाठ धुरकऱ्यानेच आवळायची. पट हाकणाऱ्याने दुसऱ्याच्या गाठीवर आपला जीव सोपवायचा नसतो. गुलाबचा बाप उभ्या हयातीत तसाच वागला. म्हणून गेल्या वर्षीही कॅपांचे मुख्य बोल्ट गुलाबनेच आवळले होते. पान्याला लांब पाइप लावून, पाय रोवून, दोर ओढावा तसे अंगभर जोर लावून. शेजारी गुणवंतराव कौतुकाने "अजून, अजून" म्हणत उभे होते. पण दोर ओढला की घट्ट होतो. बोल्ट एका हद्दीपर्यंतच घट्ट होतो. पुढे आतल्या आत लांबतो, आणि बाहेरून होता तसाच दिसतो.

मोडलेले इंजिन उघडले, तेव्हा मधल्या कॅपच्या बोल्टची मान सुतासारखी बारीक झालेली गुणवंतरावांना दिसली होती. ते उमा नदीवर गेले आणि तो बोल्ट त्यांनी डोहात सोडला. कॅपचे ओतकामच खराब निघाले, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. गुलाब तेव्हा नागपूरला दवाखान्यात होता.

आता त्यांनी नवा पाना पुढे केला. "हा वजनाचा पाना. ठरवला तेवढा जोर भरला का कटकन वाजते. वाजला का थांबाचं, एक केसभर पुढं नाई. जास्त आवळलं त गोल भोक लांबोळं होते, अन्‌ बोल्ट..."

ते थांबले. बोलण्याच्या ओघात फार पुढे आले होते.

गुलाबने पाना घेतला, तळहातावर तोलला. "असा मांगच्या साली काऊन नाई देल्ला?"

"नव्हता माह्यापाशी."

"मंग मांगच्या साली मी कुठवर आवळलो, हे वाजवून सांगाले कोनीच नव्हतं."

बाहेर मिलचा धडधडाट एकसारखा चालला होता. गुलाबचा आवाज त्याखाली होता, पण प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"तवापासून मी म्हनून राह्यलो, गुणवंतभाऊच्या इंजिनानं मले पाडलं. घरी म्हनलो, चौकात म्हनलो. तुमी एक डाव बी उलटून बोलले नाई. काऊन गा?"

"आता ते काय काढते..."

"मले बसाचं हाये भाऊ. जाड लावा, पातळ लावा, मी बसतो. एकच सांगा." त्याने पाना इंजिनावर आडवा ठेवला. "मधली कॅप माह्या हातानं गेली का?"

गुणवंतरावांनी जुटाच्या गुंत्याला हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. हो म्हटले तर गुलाब पुन्हा कधी आपल्या हातावर विश्वास ठेवणार नव्हता. नाही म्हटले तर यापुढे या दोघांत खरे असे काही उरणार नव्हते. गुलाब त्यांच्याकडे पाहत होता, बैल सुटण्याआधी धुरकरी पाहतो तसा, एकटक.

त्यांनी जूट बाकावर ठेवले, आणि गुलाबकडे न पाहता ते गॅरेजच्या बाहेर, उमेच्या डोहाच्या वाटेने, सोनेरी कोंड्याच्या दाट भुरभुरीत चालत गेले.