भुरीच्या खोक्यातली राख

कुरखेड्याच्या अलीकडे कोसभरावर, तलावाच्या पाळीखाली ढिवरांची घरं होती. त्यातलं एक मनसारामचं. पण गावात त्याला कोणी मनसारामचं घर म्हणत नसे, गोकुळाचं घर म्हणत. आई गेली तेव्हा मनसाराम रांगत होता. गोकुळा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी परतली आणि मग तिनं हा भाऊच पदरात घेतला. तलावाची मासळी डोक्यावर घेऊन बाजार केले, त्याला खाऊ घातलं, जाळं फेकायला शिकवलं. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या फाल्गुनात त्याचं लग्नही तिनंच लावून दिलं. पोरगी तिनंच पाहिली होती. प्रेमिला नाव. अंगानं बारीक, पण कामाला चटपटीत आणि मनात आलं ते बोलून मोकळी होणारी.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत चूल आणि नवराबायकोचं अंथरूण. आतल्या खोलीत बियाण्याचा धान, जाळी, आणि गोकुळा आपल्या भुरीसह. बाहेर तट्ट्यांची सपरी, तिथं टोपल्या आणि सरपण.

भुरी म्हणजे राखाडी मांजर. मागच्या हिवाळ्यात बाजारातल्या कुत्र्यांनी तिचा मागचा पाय फोडला होता. गोकुळानं तिला रिकाम्या टोपलीत घालून घरी आणलं, पायाला हळद लावून चिंधी बांधली. लंगड्या मांजराला बाहेर कसं सोडणार? दिवसा कुत्री आणि दिवस मावळला की पाळीवर बिबट. म्हणून तिनं दुकानदाराकडून साबणाचं लाकडी खोकं मागून आणलं, त्यात चुलीतली राख भरली आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. भुरी लवकरच शिकली. खोक्यात जायची, उकरायची, बसायची, नीट झाकायची आणि पंजे झटकत बाहेर यायची.

शेजारची भागीरथा हसायची. "गोकुळा, सरकारनं तुह्या मांजरीले पायखाना बांधून देल्ला का?"

"देल्ला ना," गोकुळा म्हणायची. "तुले पायजे तं तुह्यासाठी बी मांगतो."

चैत्र सरत आला आणि भुरीनं पहिल्यांदा गोकुळाच्या गोधडीवर मुतलं. होतं एखाद वेळी, म्हणून गोकुळानं गोधडी तलावावर धुऊन आणली. दोन दिवसांनी जाळ्यावर. मग उंबऱ्याजवळ. वास खोलीत असा मुरला की मासळीच्या वासात जन्म काढलेल्या गोकुळालाही डोकं धरून बसावं लागे.

खोकं घाण झालं असेल असं तिला वाटलं. तिनं ते घासलं, उन्हात वाळवलं, नवी राख भरली. मग कोपरा बदलला. मग राख नको असेल म्हणून नदीची रेती आणली. नवं काही केलं की दोन दिवस बरे जात, पुन्हा तेच. भुरी खोक्यात पाय ठेवी आणि चटका बसल्यासारखी उडी मारून बाहेर येई. मग कुठंतरी आडोशाला बसून पंजे चाटत राही आणि चाटता चाटता तोंड वेडंवाकडं करी.

"लाडानं बिघडली तुही मांजर," भागीरथा म्हणाली.

"बाई, वास लय येते," प्रेमिला एकदा भात वाढता वाढता म्हणाली. "जेवन नाई जात."

 दुसऱ्या दिवशी गोधडी मनसारामनंच तलावावर नेऊन धुतली. गोकुळाला भरून आलं. सुनेसारखी भावजय कुरकुरते, पण भाऊ आपला आहे, असं तिला वाटलं.

मग भुरी बियाण्याच्या धानावर बसली. टोपल्यातला वरचा थर पिवळा पडला, कुबट झाला. पेरणी तोंडावर आलेली आणि तो धान गोकुळानं दाणा दाणा निवडून ठेवलेला. तिच्या अंगाचा भडका उडाला. झाडायचा फडा उचलला आणि दांड्याकडून तिनं भुरीला हाणलं. एकदा नव्हे, हात थकेपर्यंत. लंगडी मांजर पळून पळून किती पळणार? ती भिंतीशी अंग चोरून, डोळे मिटून बसली. तिनं नखही काढलं नाही.

त्याच दुपारी खोकं रिकामं करताना गोकुळानं कपाळाचा घाम पुसला आणि तिचा डोळा पेटला. पाणी मारलं, पदराचा बोळा केला, तरी आग थांबेना. हाताचा वास घेतला. मिरची. रेतीत बोटं फिरवली तर लाल भुकटी दिसली, नखात शिरली.

ती तिथंच खाली बसली. ज्या मांजरीला तिनं मारलं, तिच्या पंजांना ही आग लागत होती.

उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची मिरची कांडतात. त्यांच्याही घरी प्रेमिलानं चैत्रातच कांडली होती. गोकुळाला आणखी विचार करावा लागला नाही. पाळीवर मनसाराम जाळं सावरत होता, तिथं ती गेली.

"तुही बायको भुरीच्या खोक्यात मिरची टाकते," ती म्हणाली. "तिले मांजर नको असंन तं तोंडानं सांगावं."

मनसारामचा हात जाळ्यावर थांबला. मान मात्र वर झाली नाही. "मी बोलतो तिच्यासंग, बाई. तू काई म्हणू नको तिले."

गोकुळानं त्याचा शब्द पाळला. म्हणाली काहीच नाही, पण तिचं प्रेमिलाशी बोलणं आटलं. आधी ती रोज तिची वेणी घालून देई, ते थांबलं. मरळीचं डोकं तिच्या ताटात पडेनासं झालं. प्रेमिला दोनदा विचारून गेली, "बाई, माहं काई चुकलं का?" गोकुळानं तोंड फिरवलं.

त्या आठवड्यात बाजाराच्या रस्त्यावर गिट्टी फोडणाऱ्या मजुरांनी तिची सगळी मासळी वाटेतच विकत घेतली. सूर्य डोक्यावर यायच्या आत ती घरी परतली. प्रेमिला विहिरीवर गेली होती. आतल्या खोलीत काहीतरी खसखसलं. गोकुळानं वाकून पाहिलं.

मनसाराम खोक्यापाशी उकिडवा बसला होता. एका हातात पळसाच्या पानाचा द्रोण आणि दुसऱ्या हातानं तो रेती खालीवर करत होता, पीठ मळावं तशी, सावकाश.

"मन्सा."

तो उठला. द्रोण लपवायला जागा नव्हती, म्हणून हातातच राहिला.

"तू?" ती म्हणाली.

द्रोण त्यानं खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, खोली पायजे होती. पुढच्या खोलीत येणाऱ्याजाणाऱ्याची वाट. नवी पोरगी, तिले लाज येते. वास सुटला तं तू मांजर घेऊन सपरीत जाशीन, असं वाटलं."

"मांगून घ्याची होती."

"तुले जा म्हणू कसा? लहानाचा मोठा केला तू मले. तोंड नाई उघडत."

"तोंड नाई उघडत," गोकुळा म्हणाली, "आन् हात मिरचीत जाते."

दारात घागर ठेवल्याचा आवाज झाला. प्रेमिला केव्हा आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं द्रोण पाहिला, खोकं पाहिलं. मग गोकुळाकडे वळली.

"म्हणून बोलत नव्हत्या का तुम्ही? माह्यावर घेत होत्या हे?"

"मी याले तुहं नाव सांगतलं," गोकुळा म्हणाली. "यानं नाई म्हटलं नाई."

प्रेमिलानं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि तिनं गुडघ्यांत डोकं घातलं.

गोकुळानं खोकं उचललं, बाहेर नेऊन उकिरड्यावर उलटं केलं. मग भुरीला धरून तिचे पंजे गोड्या तेलानं पुसले. भुरी धडपडली, तिनं मनगट ओरबाडून रक्त काढलं. गोकुळानं पंजे पुसायचं थांबवलं नाही. मग आपली गोधडी, पेटी, दोन लुगडी सपरीत आणून टाकली. मनसाराम पेटी धरायला पुढं आला, तर ती म्हणाली, "राहू दे." प्रेमिला उठली आणि तिनं पेटीची दुसरी बाजू धरली. तिला गोकुळानं राहू दे म्हटलं नाही. पेटी खाली ठेवताना फक्त एवढंच म्हणाली, "तुह्यावर आळ घेतला मी."

"मले विचारलं असतं, तं सांगतलं असतं मी," प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज अजून दुखावलेला होता.

पाऊसपाण्याच्या आधी मनसारामनं सपरीला नव्या तट्ट्या बांधल्या, कुडाला माती लिंपली, कोपऱ्यात बहिणीसाठी चूल मांडून दिली. न सांगता केलं सगळं. गोकुळा त्या चुलीवर आपला भात शिजवू लागली. मासळीची टोपली अजून तीच उचलायची, पण मासळी दुसऱ्या जाळ्याची असायची, भागीरथाच्या घरच्यांची.

भुरीचा पाय बरा झाला. राखेत किंवा रेतीत तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. तट्टीखालून बाहेर जाऊन यायची. गोकुळाला धास्ती वाटे, पण ती अडवत नसे. अडवायला हात पुढं केला की भुरी डोळे मिटून अंग चोरत असे, आणि ते पाहण्यापेक्षा न अडवलेलं बरं. खायला मात्र ती प्रेमिलाच्या हातून खायची, तिच्या मांडीवर जाऊन झोपायची. गोकुळा आपल्या ताटातलं मासळीचं डोकं जमिनीवर ठेवून बाजूला सरकायची, पाठ करून बसायची. मग केव्हातरी मागं हलकेच चघळल्याचा आवाज येई.

संध्याकाळी मनसाराम सपरीच्या दाराशी उभा राही.

"बाई, जेवली का?"

"जेवली, मनसाराम."

पूर्ण नावानं तिनं त्याला याआधी कधी हाक मारली नव्हती. तो तट्टीची गाठ उगाच ओढून पाही. मग आत जाई. गोकुळा चूल विझवी आणि तट्टी ओढून घेई.