बॉनेटमधली लाल पुडी

भातगिरणीच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीच्या पायऱ्यांवर बायका, कठड्यावर म्हातारे आणि कोंड्याच्या पोत्यांवर चढलेली माझी शाळेतली निम्मी पोरं. मी वर्गावर गेलो तेव्हा समोर रिकामे बाक होते, म्हणून मीही इकडेच आलो.

सगळ्यांच्या नजरा गिरणीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडकडे लागल्या होत्या. तिथे जावा बेटावरच्या आमच्या वातुगेदे गावची पांढरी गाडी उभी असायची. गावात कुणाला साप चावला, कुणाची बाई अडली, की हीच गाडी तालुक्याच्या इस्पितळात न्यायची. एरवी ती दिवसच्या दिवस जागची हलत नसे. कापणी झाली, शेतांत पाणी सोडलं, की बांधातले उंदीर गावात शिरायचे आणि त्यांना या गाडीसारखं घर दुसरं कुठलं? डोक्यावर छप्पर, बाजूला कोंडा, आत ऊब.

गाडीसमोर म्बाह जोयो उभा होता. म्बाह म्हणजे आजोबा. पण हा पन्नाशीचा, काळ्याभोर मिशांचा माणूस होता. शेजारच्या तालुक्यातून स्वतःच्या चकचकीत गाडीतून आला होता.

"उंदीर म्हणायचं नाही!" तो कडाडला. "राजेसाहेब म्हणा!"

जावातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या उंदराला 'देन बागुस', म्हणजे देखणे राजेसाहेब म्हणत आलेत. नावानं हाक मारली तर तो रागावतो म्हणे. जोयोनं त्या भीतीचाच धंदा केला होता.

"राजेसाहेबांची स्वारी या वाहनात उतरली आहे. त्यांना हुसकायचं नसतं, विनवायचं असतं!" असं म्हणून त्यानं मातीच्या धुपाटण्यावर मूठभर काहीतरी टाकलं आणि बांबूची लांब नळी गाडीच्या पुढच्या जाळीतून आत सरकवली. दुसऱ्या टोकाकडून तो पुटपुटत फुंकर मारू लागला. सगळ्या आवारात ठसका उठला. लोक खोकायला लागले, डोळे चोळायला लागले.

"डोळ्यांत पाणी आलं ना? तेज आहे ते राजेसाहेबांचं!"

मला ते तेज आमच्या स्वयंपाकघरात मिरची करपल्यावर येणाऱ्या तेजासारखं वाटलं. पण तेवढ्यात गाडीखालून एक उंदीर सुसाट बाहेर आला. मग दुसरा. मग भली मोठी उंदरीण. बायका किंचाळल्या आणि हात जोडले गेले.

जोयोनं झग्यातून लाल कापडाची एक पुडी काढली, बॉनेट उघडून बॅटरीशेजारी बांधली आणि बॉनेट खाली घेऊन त्यावर पांढरा दोरा गुंडाळला. "हे कवच. क्लिवोन शुक्रवारपर्यंत, पस्तीस दिवसांतून एकदा येणाऱ्या त्या भारलेल्या दिवसापर्यंत, कुणी बॉनेट उघडायचं नाही. पुडी तर कधीच नाही. उघडली, तर उघडणाऱ्याचे डोळे जातील."

सरपंच सुमांत्रींनी स्वतःच्या गाडीसाठीही एक पुडी मागून घेतली. जोयोच्या गाडीच्या डिकीत कोंबड्या आणि तांदळाचं पोतं चढलं.

घरी आल्यावर मी माझ्या बायकोला, रेत्नोला, सगळं सांगितलं. ती आमच्या आरोग्यकेंद्रातली सुईण. सगळ्यात जास्त गरज त्या गाडीची तिलाच.

"अहो, घरटं काढलं का आतलं?" तिनं एवढंच विचारलं.

"नाही. धूर घातला, दोरा बांधला."

"मग संध्याकाळी परत येतील की! आपण फिरायला जातो आणि घरी येत नाही का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सरपंचांकडे गेलो. रेत्नो म्हणाली, "दादा, गाडी कोंड्यापासून लांब, शाळेच्या अंगणात उभी करू. हवेच्या वाटेला तारेची जाळी लावू. ड्रायव्हर प्राप्तो रोज एक चक्कर मारून आणेल. आणि ते बॉनेट उघडून एकदा आत बघू द्या."

"क्लिवोन शुक्रवारपर्यंत नाही."

"सुमांत्री, त्या पुडीतून मला सुक्या मासळीचा वास आला," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमचं नाक फार शिकलेलं आहे," सरपंच हसून म्हणाले. "गावानं ठरवलंय. उद्या काही झालं तर लोक तुम्हाला नाही, मला धरतील."

मशिदीच्या इमामांनीही त्यांना समजावलं. त्यांनाही चहा मिळाला आणि नकार मिळाला. गाडीचा ड्रायव्हर प्राप्तो भला माणूस, पण घाबरट. तो मला म्हणाला, "गुरुजी, मला दोन डोळ्यांवरच पोट भरायचंय." चावी सरपंचांकडे, दोरा बॉनेटवर आणि अख्खं गाव पहाऱ्यावर. मी शाळेत मुलांना सांगत राहिलो, मुलं घरी जाऊन सांगत राहिली आणि घरून उत्तर यायचं, 'गुरुजींना विचार, मग राजेसाहेब बाहेर कसे आले?'

लास्मीला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. दोन घरं सोडून राहणारी मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी, पहिलटकरीण. रेत्नो तिच्याकडे गेली आणि थोड्याच वेळात धावत आमच्या अंगणात आली. तिचे हात रक्तानं माखले होते.

"गाडी काढा! लवकर! रक्त थांबत नाहीये, बाळाचे ठोके मंद होतायत!"

आम्ही गिरणीच्या शेडकडे धावलो, सरपंच चावी घेऊन आले आणि प्राप्तोनं ती फिरवली. गाडी एकदा घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. नुसती टिकटिक. लास्मीचा नवरा गिमान तिला चादरीत उचलून गाडीपाशी उभा होता.

"दोरा तोड!" मी ओरडलो.

प्राप्तोनं सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी मान खाली घातली. शेवटी दोरा मीच तोडला आणि बॉनेट वर केलं. आत कोंडा, पालापाचोळा आणि चिंध्यांचं भलं मोठं घरटं होतं. त्यात गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती. वायरींची सालपटं निघाली होती, काही वायरी मधूनच कुरतडून तोडलेल्या. प्राप्तो त्या जोडायला बघत होता. कुठली कुठे जोडायची हेच त्याला समजत नव्हतं.

"सोड ते," रेत्नो म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता. तो शांतपणा मला माहीत आहे.

मी रस्त्याकडे धावलो. बदकांचे पिंजरे घेऊन निघालेला एक टेम्पो अडवला. पिंजरे उतरवून लास्मीला मागच्या फळीवर झोपवलं. गिमान तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, रेत्नो पायांशी. रस्ता भर उन्हात तापलेला, खड्ड्याखड्ड्यांचा. मी ड्रायव्हरशेजारी बसून "जरा जोरात, भाऊ, जरा जोरात" म्हणत राहिलो, आणि तो म्हणत राहिला, "जोरात घेतलं तर तिला हिसके बसतात, गुरुजी." दोघांचंही खरं होतं.

लास्मी वाचली. बाळ रडलंच नाही. मुलगी होती.

डॉक्टरीणबाई रेत्नोला म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." रेत्नोनं नळ सोडला आणि हात धूत राहिली.

सरपंचांनी पुन्हा जोयोला बोलावलं. मला वाटलं, जाब विचारायला बोलावलं असेल. तो पेटतं धुपाटणं आणि नळी घेऊन आला, शेडभोवती फिरला, हवा हुंगली आणि थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"कवच खोटं नव्हतं. या माणसाचा संशय कवचाला लागला! राजेसाहेब संशयानं खवळले आणि त्यांनी बळी घेतला."

गर्दी माझ्याकडे वळली. काल-परवापर्यंत ज्यांची मुलं मी शिकवली, ती माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू बाळ मीच मारलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. लास्मी आली होती. अंगात त्राण नव्हतं, गिमानचा हात धरून चालत होती. ती गाडीपाशी गेली आणि बॅटरीशेजारची लाल पुडी तिनं हिसडा देऊन काढली.

"पोरी, डोळे जातील!" जोयो ओरडला.

"जाऊ देत," लास्मी म्हणाली. "बघायचं होतं ते या डोळ्यांना बघायला मिळालंच नाही."

पुडीचा एक कोपरा आधीच कुरतडलेला होता. तिनं गाठ सोडली. आतून भाजलेले तांदूळ, शेंगदाणे आणि सुक्या मासळीची दोन-तीन डोकी तिच्या तळहातावर पडली. डोळे शाबूत होते. तिनं तो हात सगळ्यांपुढे फिरवला.

"हे कवच," ती म्हणाली. "माझ्या घरात उंदीर पकडायच्या पिंजऱ्यात मी हेच लावते."

मग रेत्नोनं घरट्यातली एक चिंधी उचलून पुडीच्या फाटक्या कोपऱ्याला लावली. लाल, तीच. "यानं उंदीर घालवले नाहीत," ती म्हणाली. "जेवण ठेवून बोलावले. म्हणजे तुम्ही याला परत परत बोलवाल."

"आणि मंत्रानं बाहेर आले ते?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

उत्तर प्राप्तोनं दिलं. त्यानं जोयोचं धुपाटणं उचललं, त्यातली राख हुंगली आणि खोकला. "मिरच्या आहेत!" मग ती बांबूची नळी त्यानं बाजूलाच उभ्या सरपंचांच्या गाडीच्या जाळीतून आत घातली आणि मंत्राऐवजी शिव्या घालत फुंकायला लागला. "निघा! निघा, हरामखोरांनो! लेकरू खाल्लंत आमचं, निघा!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं किती आणि कसलं किती, कोण सांगणार? सरपंचांच्या गाडीखालून दोन उंदीर टुणकन बाहेर पडले. शिव्यांनीही ते तितक्याच तत्परतेनं आले.

जोयो स्वतःच्या गाडीकडे सटकला. गिमान आडवा उभा राहिला. "उघड तुझं बॉनेट."

त्यानं उघडलं नाही, तेव्हा गिमाननं उघडलं. आत लख्ख स्वच्छ होतं. हवेच्या प्रत्येक वाटेला बारीक तारेची जाळी नीट बसवलेली, डांबरगोळ्यांचा वास आणि लाल पुडीचा पत्ता नाही.

"तुमच्याकडे राजेसाहेब मुक्कामाला येत नाहीत वाटतं?" रेत्नोनं विचारलं.

जोयोनं झगा सावरला. "मी स्वतःच कवच आहे, बाई. कवचाला कवच कशाला?"

मी माझ्या कानांनी ऐकलं, गर्दीत एक म्हातारी "खरंय" म्हणाली. इतकं सगळं डोळ्यांदेखत होऊन! जोयो गाडीत बसला आणि निघून गेला. पोलीस चौकीवर आम्हाला सांगितलं, तांदूळ आणि शेंगदाणे बाळगणं हा गुन्हा नाही.

आता आमची गाडी शाळेच्या अंगणात उभी असते. जाळी बसवलीय, प्राप्तो रोज ती फिरवतो, दर सकाळी बॉनेट उघडून आत नजर टाकतो, काडी-कचरा दिसला की काढतो. उंदीर शिरत नाहीत असं नाही, पण घर करून राहत नाहीत. लास्मी अजून आमच्या दारावरून जाताना रेत्नोशी बोलते, माझ्याशी मात्र नाही. मी आधी सांगितलं होतं, पण दोरा मात्र वेळेत तोडला नाही, हे तिला ठाऊक आहे. बहुधा म्हणूनच.

जोयो डोंगरापलीकडच्या गावांत धूर घालतो आहे. सुट्टीच्या दिवशी मी आणि रेत्नो तिकडे जातो, त्या गावांत पुडी उघडून दाखवतो. लोक बसायला चटई देतात, गोड चहा देतात, लास्मीची गोष्ट ऐकून हळहळतात आणि शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "ते सगळं खरं हो, गुरुजी. पण उंदीर बाहेर आले ना?"

हो, आले. मिरचीचा धूर कोंडला तर तुम्ही आणि मीही घर सोडून बाहेर पळू. त्यासाठी मंत्र लागत नाही. उंदीर बाहेर आले म्हणून हात जोडण्याआधी एकदा बॉनेट उघडून आत बघायला हवं, एवढंच.