परत पाठवलेलं कुलूप

"बाय, नीट बघा ना. जिवल्या. मी सालवडला राहतो, रंगाच्या कारखान्यात व्हतो."

"बघतेच आहे रे." विजया सावेने फ्लॉपी काढली, पुसली, पुन्हा घातली. पडद्यावर पुन्हा तेच. चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच एखादा आकडा. नुसता कचरा!

बोईसरच्या कामगार दवाखान्यात ती चौदा वर्षं नोंदी ठेवत होती. जिवल्याच्या छातीची प्रत्येक तपासणी तिनेच टाइप केलेली. उद्या पालघरला त्याच्या भरपाईची सुनावणी होती. मालकाचं म्हणणं, खोकला याने घरूनच आणला, कारखान्याचा काय संबंध? कामाला लागला तेव्हा छाती स्वच्छ होती, एवढं दाखवणारी नोंद मिळाली की झालं. ती नोंद या फ्लॉपीत होती.

तर झालं होतं ते असं. जुना प्रोग्राम मुंबईच्या एका कंपनीचा. कॉम्प्युटरच्या पाठीला आगपेटीएवढं कुलूप खोचलेलं असायचं. ते काढलं की प्रोग्राम आपला मुका. पण अडलं आणि फोन केला, की कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दारात हजर, हेही खरं. यंदा कंपनीने कळवलं, याला दोन हजार साल कळणार नाही, नवा घ्या. किंमत ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तेव्हा तारापूरच्या वसाहतीतले, कॉम्प्युटरमधलं जाणणारे बळवंतराव धावून आले. देवमाणूस! चार रविवार मोडून त्यांनी लिनक्स ही फुकटची प्रणाली बसवली, नोंदींचा प्रोग्रामही लिहून दिला. सगळं फुकट. कुलूप नाही, परवाना नाही, आतलं सगळं उघडं. विजया तर हरखूनच गेली.

जुन्या नोंदी तिने शहाण्यासारख्या फ्लॉप्यांत भरून ठेवल्या; त्या वाचायला तोच जुना प्रोग्राम लागेल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कुलूप परक्याचं, करारात परत करा म्हटलंय, म्हणून कापसात गुंडाळून रजिस्टर पोस्टाने तिनेच पाठवलं. आणि कागदी कार्डं? त्यांना वाळवी लागली तेव्हा 'आता सगळं मशीनमध्ये आहे' म्हणत ती जाळायला लावणारीही हीच. भारी टापटिपीची हौस ना!

कुलूप परत मिळावं म्हणून सकाळपासून तिने मुंबईला कंपनीत चार फोन केले. चौथ्याला कोणीतरी म्हणालं, "मॅडम, वो प्रोग्राम तो बंद हो गया. पुराने लॉक सब तोड़ दिए."

दुपारी बळवंतराव आले. दोन तास खटपट करून त्यांनी चष्मा काढला.

"विजयाताई, माहिती आहे हो आत. पण कंपनीने ती स्वतःच्या खुणांनी लिहिलीय, आणि त्या खुणा मला ठाऊक नाहीत. महिना दोन महिने बसलो तर कदाचित..."

"उद्या सुनावणी आहे हो!"

"मग मी तरी काय करू?" या माणसावर चिडायचीसुद्धा सोय नव्हती.

बाकावर बसलेली जिवल्याची बायको सोमी उठली. "बाय, तुमाला तं ठावं हाय. तुमीच सांगा ना पालघरच्या सायबाला."

विजया डॉक्टरांकडे धावली. ते म्हणाले, "मी गेल्याच वर्षी इथे आलो. न पाहिलेलं कसं लिहू? तुमच्या तोंडी सांगण्याला तिथे कोण विचारतंय? आजची तपासणी तेवढी लिहून द्या."

तिने नवा प्रोग्राम उघडला. नाव घातलं. 'पहिली भेट' या रकान्यात आजची तारीख आपोआप उमटली.

"बदलता येईल ती," बळवंतराव हळूच म्हणाले. "हवी ती तारीख घालता येते इथे. कुणालाही येते. म्हणून तर ती कोणी खरी धरणार नाही."

विजयाचा हात कळफलकावर थांबला. खरी तारीख तिला तोंडपाठ होती. पण उद्या कोणी ती तारीख खोटी ठरवली, तर जिवल्याचं उरलंसुरलंही जायचं. तिने आजचीच तारीख ठेवली आणि कागद छापून सोमीच्या हातात दिला.

"काय लिवलंय?" जिवल्याने विचारलं.

"आज पहिल्यांदा आलास, असं." तिला त्याच्याकडे बघवेना.

तो हसला. "म्हंजे खोकला बी आजचाच."

हसता हसता त्याला उबळ आली. मशीनवर उडू नये म्हणून त्याने घाईने तोंड फिरवलं, पंचा लावला आणि भिंत धरत बाहेर जाऊन खोकत राहिला. सोमी वाचता न येणारा तो कागद दोन्ही हातांनी धरून आतच उभी होती.