डावी तबकडी

मित्रांनो, मला वेळ विचारू नका. ती मला कधीच सांगता आली नाही. मी बुद्धिबळाचे चावीचे घड्याळ आहे. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या आणि वर दोन खटके, एवढाच माझा देह. खेळाडू चाल करून आपला खटका दाबतो, की त्याचा काटा थांबतो आणि समोरच्याचा चालू लागतो. वेळ संपली की तबकडीवरची लाल झेंडी पडते. मग पटावर काहीही असो, डाव गेला.

लातूरच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या अनंतरावांनी मला हैदराबादहून आणले. ते प्रत्येकाला दोन-दोन तास लावून डाव मांडत. आपली पोरे पारावर झटपट खेळत वाढतात, त्यांची नजर तेज असते. पण एका चालीवर अर्धा तास बसायला त्यांना कोणी शिकवत नाही, असे ते म्हणत.

त्र्याण्णवच्या भूकंपात मी कपाटावरून पडले. तेव्हापासून माझी डावी तबकडी पळू लागली, पंधरा मिनिटांत एक मिनिट पुढे. पण तिकडे औश्याकडची गावेच्या गावे गेली होती. माझ्या दुखण्याचे काय! महिन्याभराने अनंतराव तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायला जाऊ लागले, तेव्हा पट आणि मला सोबत नेत.

तिथे अकरा वर्षांची महानंदा होती. तिचा धाकटा भाऊ ढिगाऱ्याखाली गेला. आई तारामती जिवंत निघाली, पण डॉक्टर गाठेपर्यंत राहिली नाही. उरले वडील किशनराव. त्या दिवसापासून पोरीने तोंड उघडले नव्हते. अनंतरावांनी तिला पटासमोर बसवले. ती एकेका चालीला वीस-वीस मिनिटे घेई आणि सर वाट पाहत. पंधराएक दिवसांनी तिने माझ्याकडे बोट केले.

"सर, ही बाजू पळायलीय."

अनंतरावांनी मान हलवली.

पुढे ते पळती बाजू नेहमी स्वतःकडे घेत. मला दुरुस्तीला न्यायचे ठरे आणि राहून जाई. लांबच्या डावात सात-आठ मिनिटांनी काय बिघडते, असे त्यांना वाटे.

महानंदा लातूरच्या वसतिगृहात आली. दोन-दोन तासांच्या डावात तिला हरवणे अवघड झाले. दोन वर्षे ती विभागात पहिली आली. पण शहर बदलत होते. गल्लोगल्ली क्लासचे फलक लागले. मुलांना तीन दिवसांच्या स्पर्धेला सवड मिळेना. ती बारावीत गेली त्या वर्षी सगळी स्पर्धा एका रविवारी उरकायची ठरली. प्रत्येकाला पंधरा मिनिटे. किशनरावांनी तिला बजावले होते, की राज्यासाठी निवड झाली तर खेळ, नाही तर पट बांधून ठेव आणि डॉक्टर हो. त्यांचेही काही चुकत नव्हते.

स्पर्धेत घड्याळे कमी पडली, म्हणून मला नेले. शेवटच्या टेबलावर ठेवू, असे अनंतरावांच्या मनात होते. पण दुपारी पहिल्या टेबलावरचे घड्याळ बंद पडले आणि संयोजकांनी मला तिथे नेऊन ठेवले. एका बाजूला महानंदा, दुसऱ्या बाजूला नांदेडचा यज्ञेश, आणि पंच म्हणून अनंतराव शेजारी उभे. हा डाव जिंकणाऱ्याचीच राज्यासाठी निवड होणार होती. महानंदाने मला ओळखले. तिने मला उचलून फिरवले आणि डावी तबकडी आपल्याकडे घेतली.

अनंतरावांनी ते पाहिले. एक शब्द बोलले असते तर दुसऱ्या टेबलावरचे घड्याळ मागवता आले असते. पण बिघडलेले घड्याळ आपणच आणले, हे साऱ्यांसमोर सांगावे लागले असते. ते गप्प राहिले.

तिच्याकडे एक हत्ती जास्त होता. मात दोन चालींवर होती. तिचा हात वजिरावर होता आणि माझी डावी झेंडी पडली. मित्रांनो, मला थांबता आले असते तर मी थांबले असते.

बाहेर आल्यावर अनंतरावांनी हलक्या आवाजात विचारले, "ती बाजू का घेतलीस?"

"त्याला ठाऊक न्हाई, सर. ठाऊक नसलेल्याला पळती बाजू कशी द्यावी?" ती म्हणाली. "तुम्ही सांगाल वाटलं."

दुसऱ्याच दिवशी अनंतरावांनी मला शंकरप्पा घड्याळजीकडे नेले. त्याने चहा निवायच्या आत तबकडी नीट केली. ते तसेच वसतिगृहावर गेले. महानंदा क्लासला गेली होती. ते पुन्हा गेले, तेव्हाही ती क्लासलाच होती. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत.

क्लासच्या परीक्षेत शंभर प्रश्न असत. दिलेल्या वेळेत ती साठच सोडवी, आणि साठही बरोबर असत. तेवढ्यावर डॉक्टर होता येत नाही. आता ती हिमायतनगरकडे कुठे शिक्षिका आहे, असे ऐकते. अनंतराव गेले. मी शाळेच्या कपाटात, तुटक्या पट्ट्यांमागे आहे. वर्षानुवर्षे मला चावी दिलेली नाही.

मित्रांनो, यंत्रातला बिघाड कळला की त्याच दिवशी दुरुस्त करा. आणि झालेली चूक त्याच वेळी, सगळ्यांसमोर बोला. उशिरा बोलायला गेलात, तर ऐकणारे माणूस तिथे असेलच असे नाही.