पहिल्या उडीला आवाज दे

दुपारी चार वाजता आरतीच्या अंगात दोनच गोष्टी शिल्लक असायच्या. मानेतली कळ आणि जांभई. सकाळी सहाला केमिस्ट्रीचा क्लास, नऊला फिजिक्सचा, मग टेस्ट, मग त्या टेस्टमध्ये काय चुकलं त्याचा क्लास. मेडिकलच्या परीक्षेची ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेला ती अठ्ठावीस मार्कांनी हुकली. अठ्ठावीस! हा आकडा लातुरात कुठंही दिसला, रिक्षाच्या नंबरात दिसला तरी, ती मान फिरवायची.

फरीदाचाचींच्या घराच्या खालच्या खोलीत ती आणि तिची आई उमादेवी भाड्यानं राहायच्या. दहा बाय दहा. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात गॅस आणि भिंतीला भांड्यांची मांडणी. वडील, बालाजी, ऊस आणि म्हैस सांभाळत किल्लारीलाच होते. पोर शिकतं आणि आई डबा करते, अशी एक तरी जोडी त्या गल्लीतल्या दर घरात होती. भाजीवाला आयांना नावानं हाका मारतच नसे. "ओ बायोलॉजीच्या आई, मेथी घ्या," म्हणायचा.

चारला आरती वह्या उचलून वर जायची. आईला सांगायची, "कहकशांकडं डाऊट सोडवायला चाललेय."

डाऊट म्हणजे होडी.

कहकशां ही फरीदाचाचींची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या भावानं, अम्मारनं, नांदेडला गेम पार्लर काढलं होतं. ते वर्षभरात बसलं, आणि उरलेलं एक यंत्र तो घरी टाकून गेला. टीव्हीखाली ठेवायची एक काळी पट्टी. तिच्यातल्या कॅमेऱ्याला आपण दिसतो. हातात काही धरावं लागत नाही. आपण वाकलो की पडद्यावरचा माणूस वाकतो, आपण उडी मारली की तोही मारतो. अडचण एकच. त्या पट्टीला माणूस लांबून बघायची सवय, आणि कहकशांची खोली आरतीच्या खोलीच्या बरोबर वर, तेवढीच. 'दोन पावले मागे या' असं पडद्यावर सारखं यायचं. मग पलंग उभा करून भिंतीला टेकवायचा, शिलाई मशीन गच्चीवर ढकलायची आणि टाचा उंबऱ्याला लावून उभं राहायचं.

तरीही पट्टी गोंधळायचीच. खुंटीवर कहकशांचा बुरखा टांगलेला असे. पंखा लावला की तो हलायचा आणि यंत्र त्यालाच दुसरा खेळाडू धरायचं. पडद्यावरच्या होडीत आरतीच्या शेजारी एक बाई येऊन बसायची आणि जागेवर डोलत बसायची.

"बघ गं, काही करत नाही तरी तिला माझ्याहून जास्त मार्क," आरती म्हणायची.

"तिनं क्लास लावला नाही ना," कहकशां म्हणायची. "वाक, वाक! डावीकडं दगड हाय!"

नदी उसळत यायची. वाका, हात पसरा, आणि दगड आला की उडी. पहिल्या दिवशी आरतीनं उडी मारली तेव्हा तिला आठवेना, आपण याआधी शेवटची उडी कधी मारली होती. नववीत असेल, लंगडीच्या वेळी. दोन वर्षं तिचं शरीर म्हणजे डोकं इकडून तिकडं नेणारी पिशवी झालं होतं. चार ते साडेचार तेवढी ती पिशवी फेकून द्यायची. घामानं केस चिकटायचे, धाप लागायची, आणि खाली उतरल्यावर दोन तास तरी पानावरची अक्षरं जागेवर राहायची. बाकी दिवसभर ती मुंगीसारखी इकडंतिकडं पळायची. हा अर्धा तास गेला असता तर आपण बसल्या जागी विझलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती खोटं बोलत होती.

आठव्या का नवव्या दिवशी होडी धबधब्याला लागली आणि आरतीनं लागोपाठ सात उड्या मारल्या. सातव्या उडीला गल्लीतून हाक आली. हाक कसली, ओरडच.

"आरती! बाहेर ये! आरतीऽ, आधी बाहेर ये!"

ती गच्चीवर धावली. खाली उमादेवी अनवाणी रस्त्याच्या मधोमध उभी होती. हाताला पीठ, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि तोंड वर. आरती जिना उतरली तसं आईनं तिचं मनगट पकडून तिला विजेच्या खांबापासून, भिंतीपासून, सगळ्यांपासून लांब मोकळ्यावर ओढलं.

"भांडी वाजली," ती म्हणाली. "मांडणीवरची. आधी वाट्या, मग ताट."

समोरच्या घराच्या ओट्यावर आणखी एक आई बसली होती, मंजुश्रीकाकू. ती म्हणाली, "काय झालं ओ? आमच्यात तर काहीच न्हाई हललं."

"हललं," उमादेवी म्हणाली. "मला कळतं."

मंजुश्रीकाकूनं शेजारणीकडं बघून डोळे मोठे केले. आरतीला ते दिसलं. तिची मान खाली गेली आणि तोंडातून निघालं, "आई, ट्रक गेला असंल मागच्या रोडनं."

आईनं मनगट सोडलं नाही. चांगला अर्धा तास त्या दोघी रस्त्यात उभ्या होत्या. गॅसवरची भाकरी जळून कोळसा झाली.

आता इथं आरतीनं खरं सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. वर जाणं दोन दिवस बंद केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. हळू उड्या मारू, असं ठरवून गेली. हळू उडी मारता येत नाही. पुन्हा भांडी वाजली, पुन्हा आई रस्त्यात. त्या दिवसापासून उमादेवी दाराला कडी लावेना. पाठ टेकायची ती उंबऱ्याशी, चपला उशाला. खाणं कमी झालं. रोज डब्यात येणारी भाजी एक दिवस अळणी आली, दुसऱ्या दिवशी दुप्पट मिठाची.

पाचव्या दिवशी आरती क्लासहून आली तेव्हा आई फोनवर बोलत होती.

"न्हाई ओ, ही जागाच बरोबर न्हाई. रविवारी जीप घेऊन या. पोरीला घेऊन गावाकडं येते. तिथं बसून करंल अभ्यास." मग ऐकून घेतलं. मग हळूच, "क्लास गेला तर गेला. पोरगी तर राहील."

आरतीच्या पाठीवरची पिशवी आपोआप खाली आली. क्लास जाईल, वर्ष जाईल. आणि तिला लाज वाटली, कारण सगळ्यात आधी डोक्यात आली होती ती होडी.

"आई, फोन ठेव."

"का गं?"

"जमीन न्हाई हलायली. मी हलवायलेय."

उमादेवीला काही कळेना. मग आरतीनं सगळं सांगितलं. काळी पट्टी, उभा केलेला पलंग, डाऊटच्या नावानं खोटं, सात उड्या. सांगताना तिनं आईकडं बघितलं नाही, मांडणीकडं बघितलं. आता बसेल पाठीत, असं वाटत होतं. बसली असती तर बरं झालं असतं.

उमादेवीनं मांडणीवरच्या वाटीला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी येडी न्हाई."

"न्हाई गं आई."

"वाजली ना भांडी?"

"वाजली."

"मग चल. दाखव."

दोघी वर गेल्या. फरीदाचाची गच्चीवर मिरच्या निवडत होत्या, त्यांना वाटलं भाड्याचं काही बोलायचं असेल, म्हणून त्या आधीच म्हणाल्या, "उमाबाई, नळाचं सांगितलंय मी प्लंबरला." उमादेवीनं ऐकलंच नाही. ती खोलीत गेली, पट्टीकडं बघितलं, कहकशांनं खेळ लावल्यावर टीव्हीत होडी बघितली. होडीत आरती होती, आणि खुंटीवरची बाई.

"ही कोण?"

"बुरखा हाय, काकू," कहकशां ओशाळून म्हणाली.

उमादेवीच्या ओठाची एक बाजू हलली, तेवढंच. "मी खाली जाते. मी हाक मारली की उडी मार. एकच."

खालून हाक आली. आरतीनं उडी मारली. थोडं थांबून खालून आवाज आला, "हाव. हेच ते. अजून एक मार." आरतीनं मारली. "वाट्या आधी वाजतेत," खालून आई म्हणाली. "बरोबर हाय."

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती आपणहून बोलली. एरवी किल्लारीच्या भूकंपाचं ती कधी काढत नसे. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं कोण बोलतं?

"मी बारा वर्षांची होते. त्या पहाटं मला आधी जाग आली. फळीवरची भांडी वाजली. मला वाटलं, मांजर हाय. आमच्याकडं एक बोका होता, रोज दुधाला यायचा. म्हणलं, मेला आला. आणि कूस बदलली." तिनं भाकरी उलटली. "मग वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. मला काढलं लोकांनी. भाऊ माझा, बजरंग, आतच राहिला. सहा वर्षांचा होता. माझ्याच अंगाला अंग लावून झोपला होता."

भाकरी फुगली. तिनं ती आरतीच्या ताटात टाकली.

"तवापासून मांजर हाय का काय, हे मी बघत न्हाई. आधी बाहेर. मग लोक हसू द्या."

आरतीनं ताट बाजूला सरकवलं. "मी न्हाई जाणार आता वर," ती म्हणाली.

"जा की. चेहरा बघ आरशात, वाळल्या भेंडीगत झालाय. अर्धा तास उड्या मारून माणूस मरत न्हाई." तिनं जीप रद्द केली. वडिलांना कारण काय सांगितलं, ते आरतीला कधी कळलं नाही.

मग रोज चारला भांडी वाजायची आणि उमादेवी खाली शेंगा फोडत बसायची. पहिले चार-पाच दिवस ती दारापर्यंत जाऊन परत यायची. मग उठायची नुसती. मग उठणंही थांबलं. "आज लई वाजली, जिंकलीस का?" असं विचारू लागली. डब्यातलं मीठ जागेवर आलं. आरतीला वाटलं, चला, एक तरी डाऊट सुटला.

पुढच्या पंधरवड्यात फरीदाचाचींच्या माहेरी, मुदखेडला, लग्न निघालं. अख्खं घर गेलं. जाताना चाचींनी वरच्या मजल्याची किल्ली उमादेवीकडं दिली. तिनं ती मांडणीशेजारच्या खिळ्याला अडकवली.

रविवार होता. जेवणं झालेली. वीज गेल्यामुळं पंखा बंद, आणि आई पलंगावर कलंडलेली. कडी लावून. आरती टेबलाशी बसून एकच ओळ पाचव्यांदा वाचत होती.

वाट्या वाजल्या. मग ताट.

"कहकशांला म्हणावं हळू," आई डोळे न उघडता म्हणाली, आणि तिनं कूस बदलली.

आरतीनंही आधी 'हं' म्हटलं. मग तिची नजर वर गेली. पंखा बंद होता. खिळ्यावरची किल्ली मात्र डोलत होती, भिंतीला टकटक लागत होती. किल्ली खाली आहे. म्हणजे वर कुलूप आहे. म्हणजे वर कुणीच नाही.

तिनं आईचं मनगट धरलं. काही बोलायला वेळ नव्हता. पलंगावरून ओढलं, कडी काढताना बोटाचं नख उखडलं, आणि खांब, भिंती सगळं टाळून रस्त्याच्या मधोमध नेऊन उभं केलं. मग ओरडली, "बाहेर या! सगळे बाहेर या!"

या वेळी कुणी हसलं नाही. मंजुश्रीकाकू मुलाला ढकलत बाहेर आली. दारादारातून आया आणि हातात पेन धरलेली पोरं निघाली. कुठं पत्रा थरथरला, एक कुत्रं भुंकत राहिलं. चार-पाच सेकंदांचं काम. पडलं काहीच नाही, एका घराच्या गिलाव्याला तडा गेला तेवढाच. थोड्या वेळानं पोरं मोबाइल काढून कुठं कुठं जाणवलं ते बघू लागली.

उमादेवी त्या कुणाकडं बघत नव्हती. ती आपल्या उघड्या दाराकडं बघत होती.

"मांजरच वाटलं गं," ती म्हणाली. "पुन्हा मांजरच वाटलं."

आरतीनं आईचं मनगट तेवढं धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "सोड आता. मुंग्या आल्या हाताला." तरी तिनं सोडलं नाही.

मंगळवारी मुदखेडची मंडळी परतली. चारला वरून कहकशांची हाक आली, "आरतीऽ, ये की! नदी वाट बघायली!"

आरती वही उघडून बसली होती. "आज नको," ती तिथूनच म्हणाली. मान दुखत होती, डोळे जळत होते, आणि तिला खरंच वाटत होतं की आता कधीच नको.

उमादेवी उठली. मांडणीवरच्या वाट्या तिनं एकात एक घातल्या आणि खाली फरशीवर ठेवल्या. मग ताटं, मग तांब्या. मांडणी रिकामी झाली. एकच वाटी तिनं परत वर ठेवली, कडेला.

"जा," ती म्हणाली. "पण पहिल्या उडीला खिडकीतून आवाज द्यायचा. आणि संपलं की सांगायचं, संपलं म्हणून. मधी वाजलं तर तुझं. आधी न्हाईतर नंतर वाजलं, तर मी थांबणार न्हाई."

आरती जिना चढली. पाय जड होते. वर पलंग भिंतीला टेकवलेला होता आणि मशीन गच्चीवर. तिनं टाचा उंबऱ्याला लावल्या. पडद्यावर आलं, 'दोन पावले मागे या'. मागे जागा नव्हती. ती खिडकीशी गेली.

"आई! मारायलेय!"

गल्लीतल्या दोन-तीन आयांनी मान वर केली. खालून काहीच आलं नाही. आरती गजांना धरून उभी राहिली. पंखा फिरत होता, खुंटीवरची बाई होडीत बसून डोलत होती.

"हाव," खालून आवाज आला. थकलेला, पण जागा. "मार."