समांतर जीवा

आजारपणानंतर रंगरावांची बुद्धी पूर्वीसारखी उरली आहे की नाही, ही धास्ती मुक्ताईंनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आज त्यांनी नवऱ्याला एका पुस्तकातले उदाहरण वाचून दाखवले: पाच त्रिज्येच्या वर्तुळात सहा आणि आठ लांबीच्या समांतर जीवा आहेत, त्यांच्यातील अंतर किती?

"एक," रंगराव म्हणाले.

पुस्तकातले उत्तर सात होते. मुक्ताईंनी पुस्तक मिटले.

"अगं, मिटतेस काय? जीवा केंद्राच्या एकाच बाजूला असल्या तर एक, दोन बाजूंना असल्या तर सात. बाजू न सांगता अंतर विचारणाऱ्याला मास्तर कुणी केलं?"

"अहो, हे पुस्तक तुम्हीच लिहिलंय."

"मग चूक छापखान्याची."

मुक्ताई डोळे पुसत हसू लागल्या.